तंजावरचा कोरीव सापळा

तंजावरचे सरफोजीराजे भोसले १७९८ साली गादीवर आले. त्यांना माणसाची हाडे शिकायची होती, पण प्रेताच्या हाडाला शिवणे म्हणजे विटाळ. पुस्तकातल्या चित्रांवर भागवून घेणे राजांना पटेना. खऱ्या हाडांऐवजी कोरून घडवलेला सापळा मिळावा, अशी मागणी त्यांनी इंग्लंडकडे केली. शरीर चहूबाजूंनी फिरवून पाहिले पाहिजे, हा हट्ट मला त्यांच्या साऱ्या ग्रंथसंग्रहाइतकाच मोलाचा वाटतो.

हा हट्ट आपल्याकडे जुनाच. प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग कुंच्याने थर खरवडत आतले अवयव पाहावेत, असे सुश्रुतसंहिता सांगते.

गर्भाची गोष्ट मात्र अवघड. चार आठवड्यांचा गर्भ जेमतेम मसुराच्या दाण्याएवढा. त्याला कोरणार कोण आणि कशाकडे बघून? वाट काढली जर्मनीच्या गुस्ताव्ह बोर्न यांनी, १८८० च्या दशकात. गर्भाचे पातळ काप घ्यायचे, प्रत्येक कापाची आकृती मोठी करून मेणाच्या पत्र्यावर उतरवायची, कापायची आणि पत्रे क्रमाने एकमेकांवर रचायचे. खुबी जाडीत आहे. काप एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग असेल आणि आकृती पन्नास पट मोठी केली, तर पत्रा बरोबर एक मिलिमीटरचा हवा. त्यात चूक झाली, तर गर्भ चपटा तरी होतो नाहीतर लांबुळका.

मेंदू शिकवताना अशा प्रतिकृतीची खरी गरज कळते. तिसऱ्या आठवड्यात तो असतो एक सपाट पट्टी. कणकेची लांबट पोळी घ्या, दोन्ही कडा उचला आणि मधोमध चिकटवा. मग तिथून दोन्ही टोकांकडे मिटवत जा. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ही नळी पूर्ण मिटते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू घडत नाही, खालचे राहिले तर पाठीचा कणा दुभंगतो. फळ्यावरच्या सपाट आकृतीतून हे मिटणे विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. त्याच्या हाती कणीक द्या, पाच मिनिटांत कळते.

आज मेणाची जागा संगणकाने घेतली, रीत तीच राहिली. तंजावरच्याच तमिळनाडूत, आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा गर्भाच्या मेंदूचा त्रिमित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ५,१३२ काप आहेत आणि तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांनी तो वर्गात जरूर उघडावा, आणि त्याआधी मुलांकडून कणकेची नळी एकदा मिटवून घ्यावी.