गणेशोत्सवातील मेळ्यांचे मूळ

गणेशोत्सवात पुण्याच्या पेठांतील मुले व तरुण एकसारखा पोशाख करून, तालावर पदे गात मिरवत. त्यांच्या संचास ‘मेळा’ म्हणत. ‘मिल्’ या संस्कृत धातूशी नाते सांगणारा, समुदाय या अर्थाचा हा जुना शब्द येथे गायकसंचाचा वाचक झाला.

शब्द जुना, परंतु प्रकार कोठला? १८९४ पूर्वी पुण्यातील अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. ताबुतांबरोबर गात-नाचत जाणाऱ्या टोळ्यांतही ते असत. १८९३ च्या मुंबईतील दंग्यानंतर ताबुतांवर बहिष्कार पडला आणि पुढील वर्षी तशाच धाटणीचे संच गणपतीपुढे गाऊ लागले. ताबूत सोडावेत, हे आवाहन त्यांच्या पदांतून होई. ज्या उत्सवाचा त्याग करावयाचा, त्याचीच रंजनपद्धती त्यागाच्या प्रचारास उपयोगी पडली.

पुढे मेळ्यांच्या राजकीय पदांवर ब्रिटिश सरकारने निर्बंध घातले. १९२० नंतरच्या दशकात केशवराव जेध्यांचा पाठिंबा लाभलेल्या छत्रपती मेळ्याने याच प्रकारातून ब्राह्मणी वर्चस्वावर टीका केली.

सारांश, आशय बदलत गेला तरी प्रकार टिकला. म्हणूनच मोहरमच्या टोळ्यांचे ऋण नोंदविल्यावाचून मेळ्यांचा इतिहास पुरा होत नाही.