श्राव्य माध्यम आणि कलेच्या इतिहासाचे आकलन

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे एकेकाळचे खेडे. माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्ताराबरोबर ते बाह्य वर्तुळाकार मार्गावरील गजबजलेले उपनगर बनले. तेथील नोकरदारांचा बराच वेळ प्रवासात जातो, आणि त्या वेळात डोळ्यांपेक्षा कान अधिक मोकळे असतात. २००४ मध्ये ‘पॉडकास्ट’ हे नाव मिळालेले श्राव्य माध्यम अशा जीवनक्रमास सोयीचे ठरते. परंतु कला हा मुळात पाहण्याचा विषय. तिचा इतिहास केवळ ऐकून कितपत कळू शकतो?

या माध्यमाचे सामर्थ्य २०१० मध्ये बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या मालिकेने दाखवून दिले. संग्रहालयाचे तत्कालीन संचालक नील मॅकग्रेगर यांनी तीत शंभर वस्तूंच्या आधारे जगाचा इतिहास सांगितला. सिंधू संस्कृतीची मुद्रा समोर नसतानाही ती कोणी, कशासाठी घडवली असावी, याचा विचार श्रोता करू शकला.

चित्र आणि वाणी यांचा संबंध मराठी परंपरेस नवा नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गातात. तेथे शब्दाची साक्ष चित्र देते. पॉडकास्टमध्ये मात्र ही साक्षच नाहीशी होते. श्रोता निवेदकाच्या दृष्टीने पाहतो आणि तीच आपली दृष्टी मानू लागतो. या माध्यमाचा खरा धोका हाच होय.

बंगळूरशी निगडित एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावरास राज्य स्थापिले आणि भोसल्यांच्या आश्रयाने तेथील चित्रशैली बहरली. तिकडे म्हैसुरात तिसरे कृष्णराज वडियार यांनी चित्रकारांना उदार आश्रय दिला. लेपाचा उठाव करून त्यावर सोन्याचा वर्ख चढविण्याची पद्धत दोन्ही शैलींत आढळते. ही कृती ऐकून उत्तम समजते, कारण तिला क्रम असतो. परंतु तंजावरचा उठाव जाड, तर म्हैसूरचा अतिशय नाजूक, हा भेद कानाला केवळ विधान म्हणून कळतो. त्याचे प्रमाण डोळ्यांनाच उमगते.

म्हणून श्रवण हा कलेच्या इतिहासाचा प्रारंभ मानावा, पर्याय नव्हे. मारतहळ्ळीच्या श्रोत्यास पुढील पायरी दूर नाही. कर्नाटक चित्रकला परिषदेत म्हैसूर शैलीची चित्रे आहेत. कस्तुरबा मार्गावर २०२३ मध्ये कला व छायाचित्र संग्रहालयाची वास्तू खुली झाली. जे निवेदन श्रोत्याला अशा मूळ कलाकृतीपर्यंत नेते आणि तेथे स्वतःच्या कथनाशी मतभेद करण्याची मोकळीक देते, तेच चित्रकथीच्या परंपरेशी आपले नाते सांगू शकते.