अंगणात उतरलेले इंजिन

मोटारीचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा कारखान्यांचा इतिहास लिहितात. कोणत्या साली कोणती गाडी निघाली, तिची किंमत किती, वेग किती, एवढे सांगून ते थांबतात. पण कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर गाडी जी वीस-तीस वर्षे जगते, त्या आयुष्याचे काय? माणसाच्या चरित्रात जन्मतिथीला पहिले पान मिळते. पुढली सगळी पाने त्याच्या संसाराची असतात. परभणीसारख्या जिल्ह्यात मोटारीचा हा संसार कारखान्यापासून शेकडो मैल दूर, लिंबाच्या सावलीत आणि वाड्याच्या अंगणात झाला. त्याची थोडीशी हकीगत या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावी, असा हेतू आहे.

गाडी घरी खोलता येते, ही कल्पना मुळात यंत्र बनवणाऱ्यांचीच होती. १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी ‘मॉडेल टी’ बाजारात आणली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला शेतकरी होता. त्याच्या गावी मेकॅनिक नव्हता, पण घरात हातोडी आणि पाना होता. म्हणून या गाडीचे चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात ठेवले आणि वरचे हेड सुटे केले. बोल्ट काढले की पिस्टनची डोकी दिसू लागत. बेअरिंग सैल झाले तर मधली पितळेची पातळ पट्टी काढून ते पुन्हा घट्ट करता येई. गिअरपेटीही अशी होती की दाते एकमेकांवर आदळण्याची भीती नव्हती; पायाच्या पट्ट्यांवरच ती चाले. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबर आपली गाडी आपणच दुरुस्त करण्याची विद्याही जगभर पसरली. फोर्डने १९२६ साली हिंदुस्थानात कंपनी काढली, १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली, आणि ही विद्या आपल्या दाराशी आली.

परभणी मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटर गेज रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या मुलखातून गेली. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने मोटारवाहतुकीचे खाते काढले. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ नोकर, एवढाच पसारा! या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते, पूर्णा जंक्शनवर वाफेची इंजिने होती, आणि मोटार-खात्याच्या कर्मशाळा होत्या. पदवी न देणारी ही त्या काळची यंत्रविद्येची विद्यापीठेच. इथे शिकलेला माणूस ‘उस्ताद’ होई आणि त्याच्या हाताखालचा पोऱ्या ‘शागीर्द’. गाणाऱ्याच्या घराण्यातले हे शब्द मोटारीच्या घराण्यातही शोभले. कारण इथेही विद्या कानाने घ्यायची होती. इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरची तक्रार आहे हे सांगणारा तो उस्ताद.

आणि एवढ्या कसबाची गरजही होती. मुंबईहून पिस्टन मागवला तर तो मोठ्या रेल्वेने मनमाडला येई, तिथे लहान रेल्वेत चढे, आणि निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरी, म्हणजे जकात, मागे. मुंबईच्या व्यापाऱ्याचे बिल कलदार रुपयांत, उस्तादाची मजुरी हाली रुपयांत! अशा स्थितीत जुना भाग फेकून नवा बसवणे ही चैन होती. जुनाच भाग कानशीने घासून, डाख देऊन, पुन्हा कामाला लावणे ही रीत होती.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६१ साली मराठवाड्याची एस. टी. राज्याच्या एस. टी.त मिसळली. सीमेवरची जकात गेली, पण टंचाई गेली नाही. उलट, ती देशव्यापी झाली. परकीय चलन जपण्यासाठी सरकारने आयातीवर निर्बंध घातले. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचे आहे त्यांनीच राहावे, असे धोरण ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या मात्र राहिल्या! कंपनी गेली, सुटे भाग येईनात, आणि दारात शेवरले उभी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्याला फियाट ११०० काढली, उत्तरपाड्याहून अँबेसिडर आली. पण नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तोवर जुनीच गाडी तरुण करायची. घरोघरच्या इंजिन-बांधणीचा खरा सुवर्णकाळ तो हा.

आता हे काम व्हायचे कसे, ते पाहू. गाडीच्या मागून निळसर धूर निघू लागला की समजायचे, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आणि तेल जळू लागले. परभणीच्या काळ्या मातीची धूळ हवेबरोबर इंजिनात शिरली की सिलिंडरच्या भिंती घासून काढते, हे इथल्या मेकॅनिकला कोणी शिकवावे लागत नाही. मग तीन बल्ल्यांची तिकटी उभी राही, साखळीचा कप्पा लटके, आणि विहिरीतून घागर काढावी तसे इंजिन वर येई. सुटा होणारा प्रत्येक भाग जुन्या धोतरावर क्रमाने मांडायचा. कारण उलट्या क्रमाने तो परत जाणार असतो. घरातली एखादी परात रॉकेलने भाग धुण्यासाठी बाहेर येई, ती पुन्हा स्वयंपाकघरात जात नसे. यावरून घरोघर जे संवाद झाले असतील, त्यांची कल्पना वाचक भगिनींना करून द्यायला नकोच!

सिलिंडर किती झिजला हे पाहायला एक रिंग आत सरळ बसवून तिच्या तोंडांमधली फट पातळ पत्र्याच्या मापाने मोजत. व्हॉल्व्ह बसवायचे तर त्याला घासणीचा लेप लावून, काठी दोन्ही तळव्यांत धरून, ताक घुसळावे तसे फिरवायचे. मग वरून रॉकेल ओतायचे. थेंब झिरपला नाही तर व्हॉल्व्ह बसला. जुन्या इंजिनातली पांढऱ्या धातूची बेअरिंगे जुळवणे सर्वांत कठीण. दांड्याला निळा रंग लावायचा, फिरवायचा, जिथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. एका बेअरिंगला अर्धा दिवस सहज जाई.

गिअरपेटीचे तंत्र आणखी नाजूक. तिचे तेल आधी स्वच्छ भांड्यात काढून उन्हात पाहायचे. त्यात पिवळी चमक दिसली तर पितळी कडी झिजली, पांढरी दिसली तर दाता किंवा बेअरिंग गेले. फियाटच्या गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ असे. त्यामुळे दोष पेटीत आहे की दांडीपासून पेटीपर्यंतच्या सांध्यांत, हे आधी ठरवावे लागे. सांधे सैल असताना पेटी खोलणे म्हणजे दात दुखतो म्हणून पोट फाडणे. शेवटी क्लचची चकती मधोमध धरायला एखादा जुना दांडा किंवा सुताराने तासलेला खुंटा घालत, आणि गिअरपेटी पुन्हा इंजिनाला भिडे.

एक गोष्ट मात्र येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘घरी इंजिन बांधले’ असे लोक म्हणत, पण सारे काम घरी कधीच होत नसे. वाकडा झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करायचा, क्रँक घासायचा, तर लेथ आणि बोअरिंगचे यंत्र लागे, आणि ते शहरात. शिवाय चोरबाजारात हिंडून नेमका भाग हुडकणारा मुंबईचा नातेवाईक लागे. शेतावर ऑइल इंजिन चालवलेल्या मुलाचा हात लागे. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि विहिरीवरच्या त्या इंजिनांनी अनेक शेतकऱ्यांच्या मुलांच्या हातांत पाना दिला. तेव्हा घरची इंजिन-बांधणी हा एकट्याचा पराक्रम नव्हता. एका लग्नाला जितकी माणसे लागतात, तितकी त्याला लागत.

ही सारी मंडळी आता पांगली. प्रीमिअर पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, अँबेसिडरचे २०१४ साली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आजच्या इंजिनाची नाडी संगणकाच्या तारेवरच कळते. यात सारे वाईट झाले असे म्हणणे अन्याय होईल. जुनी इंजिने धूर ओकत, तेल पीत. आजची गाडी स्वच्छ आहे, आणि ती वारंवार खोलावी लागत नाही. परंतु जी वस्तू कधी खोलावी लागत नाही, ती खोलता येणारा माणूसही उरत नाही. मग ती बिघडली की मालक केवळ गिऱ्हाईक उरतो. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून समिती नेमली आणि पुढे संकेतस्थळही काढले. जी गोष्ट पूर्वी अंगणात आपोआप होती, तिच्यासाठी आता कायद्याचा विचार करावा लागतो.

नुकतीच खंडेनवमी झाली. त्या दिवशी पाने, पकडी, जॅक यांना हळद-कुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात. गावोगावचे जुने उस्ताद आता थकले आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. तुमच्या गावात असा कोणी असेल, तर दिवाळीचा फराळ घेऊन त्याच्याकडे जा, आणि मुलांना बरोबर न्या. बंद पडलेले यंत्र पाहून आधी काय करायचे, एवढे जरी त्याने त्यांना सांगितले, तरी पुष्कळ झाले.