रान कोणाचे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर ज्या वह्या मांडतात, त्यांत एक वही अशी आहे की तिच्यात गेल्या सत्तरहून अधिक वर्षांत कोणी एक अक्षर लिहिलेले नाही. ती माझ्या आजोबांची. त्या वेळच्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वभागात, एका जमीनदाराच्या कचेरीत ते कारकून होते. लहानपणी तिच्यावर हळदकुंकू वाहण्यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत. वहीच्या आत काय आहे, हे पाहावे असे मात्र कोणालाच कधी वाटले नाही. पूजेची वस्तू कोणी वाचतो का?

पुढे वयाच्या पन्नाशीत मी ती उघडली. आजोबांचे अक्षर मोत्यासारखे. पानामागून पान एकाच जातीचा मजकूर: गावाचे नाव, माणसाचे नाव, बांबू एक मोळी, दंड आठ आणे. कोठे डिंक, कोठे मध. कोठे नुसतेच ‘बेगार दोन दिवस’. म्हणजे ज्या रानात तो माणूस जन्मला, त्याच रानातला बांबू झोपडीच्या कुडासाठी तोडला म्हणून त्याचे आठ आणे गेले. आणि आठ आणे नसतील तर दोन दिवसांची मजुरी गेली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या वहीला आम्ही लक्ष्मी म्हणून पूजत होतो, ती कोणाच्या घरातून आमच्या पाटावर आली होती?

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर असा कडू घास कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ही हकीकत कडूपणावर संपत नाही, म्हणूनच ती सांगायला घेतली आहे.

चांदा हे मूळचे गोंड राजांचे ठाणे. त्यांच्यामागून भोसले आले. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे १८५३ च्या डिसेंबरात निधन झाले, औरस वारस नाही म्हणून नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदाही इंग्रजांकडे गेले. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके याने त्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्याला फाशी झाली. बंड मोडले आणि मग आले कागदाचे राज्य. १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक जंगलाचे कायदे झाले. त्यांचा मथितार्थ एकच होता: रान सरकारचे, रानात राहणाऱ्याला तेथे जे मिळेल ती सवलत, हक्क नव्हे. जमीनदारीतल्या रानावर सरकारऐवजी जमीनदार, एवढाच फरक. सरपण, चराई, घराला लागणारे लाकूड-बांबू या नित्याच्या गरजांना आमच्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. हा निस्तार कोणाच्या तरी मर्जीवर लोंबकळत राहिला.

१९५१ साली जमीनदारी गेली. आजोबांची वही तेथेच थांबते. पण रान गावाकडे आले नाही. ते जमीनदाराकडून सरकारकडे गेले. पुढे कागदाच्या गिरण्यांना बांबू मोठ्या मुदतीच्या करारांनी मिळू लागला, आणि गावकऱ्याची मोळी मात्र पूर्वीसारखीच चोरीची राहिली. चांदा जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६४ साली त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि १९८२ च्या ऑगस्टात त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. राज्ये बदलली, पाट्या बदलल्या. बांबूची मोळी काही बदलली नाही.

ती बदलली कशी, हे पाहण्यासाठी मी धानोरा तालुक्यातील मेंढ्याला गेलो. लेखा या गावाजवळचे म्हणून याला मेंढा (लेखा) म्हणतात. शंभराच्या आसपास घरे, वस्ती गोंडांची, भोवती साग, मोह, तेंदू आणि बांबू. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांखाली या भागातले रान बुडणार, असे दिसू लागले. तेव्हा ‘जंगल बचाव, मानव बचाव’ अशी हाक देऊन मोठे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते. धरणे थांबली. पण मेंढ्याच्या लोकांना त्यातून दुसराच प्रश्न सुचला. रान वाचवायचे ते कोणासाठी, आणि वाचल्यावर सांभाळायचे कोणी? ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही त्यांची घोषणा त्या प्रश्नातूनच निघाली. देवाजी तोफा हे गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे साथी. या दोघांची नावे त्या गावाच्या इतिहासात कायमची जोडली गेली आहेत.

गावाने दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने ठरवायचे. एकाचाही विरोध असेल तर बैठक पुन्हा. दुसरी, अभ्यास करायचा. कायदा काय म्हणतो, हे वकिलाकडून ऐकण्यापेक्षा अभ्यासगटात बसून स्वतः समजून घ्यायचे. म्हणून २००६ साली वनहक्कांचा कायदा संमत झाला, तेव्हा हे गाव तयार होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. शेजारच्या मारद्यालाही मिळाला. देशात असा हक्क सर्वांआधी मिळालेली ही गावे.

तरीही मोळी सुटली नव्हती! १९२७ च्या कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, आणि नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे गावाचा. हा घोळ निस्तरायला आणखी दोन वर्षे गेली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. जुन्या कायद्यातून बांबू ‘झाड’ म्हणून गळायला मात्र २०१७ साल उजाडले. पुढे गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले.

हा प्रश्न आपल्याच कोपऱ्यातला आहे, असे मात्र समजू नये. समुद्रापलीकडे जावा बेटावर डच सरकारने १८७० साली असेच जाहीर केले होते की, ज्या जमिनीची मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची. रानातल्या माणसाने सिद्ध काय करायचे? त्याच्या आजाने लावलेले झाड हाच त्याचा दाखला! डच गेले, इंडोनेशिया स्वतंत्र झाला, पण नियम राहिला. २०१३ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने सांगितले की परंपरेने गावाचे असलेले जंगल हे सरकारी जंगल नव्हे. तिकडच्या खेड्यांत पोकळ लाकडाचे किंवा बांबूचे एक वाद्य टांगलेले असते, त्याला ‘केंटोंगान’ म्हणतात. चोर, आग, मृत्यू, प्रत्येकाचा ठोका निराळा. ठोका ऐकला की गाव धावते. दोन्हीकडे रक्षणाची कल्पना एकच: शेजारी जागा आहे, म्हणून मी निजतो.

मी ज्या घरी उतरलो, त्या घराच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हते. शहरी सवयीने मी विचारले, तर यजमान म्हातारबा हसले.

“कुलूप कायले जी? घरात हाय का? जे हाय ते बाहेर हाय.” आणि त्यांनी रानाकडे हात केला.

त्या एका हाताच्या खुणेत मालमत्तेचे सारे शास्त्र आले. आमची संपत्ती पेटीत असते, म्हणून आम्हाला कुलूप लागते. त्यांची संपत्ती उघड्यावर उभी असते, म्हणून त्यांना पाळी लागते. गावकरी पाळीपाळीने रानात फेरी घालतात. २०१३ साली तर या गावाने ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. विनोबांच्या भूदानाला १९५१ साली आरंभ झाला, तेव्हा अनेकांनी त्याला स्वप्न म्हटले होते.

म्हणून तेथे सगळे सुखच आहे, असे मी म्हणणार नाही. पहाटे मोहफुले वेचायला गेलेली बाई वाकलेली असते, आणि वाकलेल्या माणसाला वाघ माणूस समजत नाही. या दोन जिल्ह्यांत वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. २०२१ पासून छत्तीसगडकडून रानटी हत्तीही गडचिरोलीत उतरले. धानाचे उभे पीक एका रात्रीत जाते. आणि १९८० नंतर कित्येक वर्षे या जिल्ह्यातील खेडी दोन बंदुकांच्या मध्ये उभी होती. रात्री एकाने भाकर मागावी आणि सकाळी दुसऱ्याने ती का दिली म्हणून विचारावे, अशा काळात जीव वाचवणे हेच मोठे धन होते. रानाचा हक्क मिळाला म्हणून वाघ किंवा बंदूक दूर होत नाही. पण ज्याच्या हाती हक्काचा कागद आहे, तो निदान मान वर करून बोलतो, आणि बोलणाऱ्या गावाला डावलणे कठीण असते.

निघण्याच्या आदल्या रात्री मी धीर करून त्या म्हातारबांना वहीची गोष्ट सांगितली. आजोबांचे नाव, कचेरीचे नाव, आठ आण्यांचा दंड, सारे सांगितले. शेवटी म्हणालो, “बाबा, ती वही आता जाळून टाकावी असं वाटतं.”

ते बराच वेळ शेकोटीतले निखारे सारखे करत राहिले. मग म्हणाले, “जाळू नोका जी. माह्या बापाचं नाव बी असंल त्यात. आमच्याकडं लिवलेलं दुसरं काहीच नाही.” थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, “आता बांबूचा हिशेब आमीच लिवतो.”

मला उत्तर सुचले नाही. माझ्या आजोबांनी दंडासाठी लिहिलेले नाव आज एका मुलाला आपल्या बापाची खूण वाटत होते. आजोबा दुष्ट नव्हते. महिन्याच्या पगारावर घर चालवणारे, देवभोळे गृहस्थ होते. पण त्यांच्या सुंदर अक्षरामागे कोणाची उपाशी रात्र होती, हे त्यांना दिसले नसावे, किंवा दिसूनही लेखणी थांबली नसावी. ते ओझे आता माझे आहे.

यंदाही ती वही पाटावर असेल. मात्र पूजा आटोपल्यावर नातवंडांना जवळ बसवून तिची दोन पाने मोठ्याने वाचायची आणि त्यांतली नावे कोणाची, हे त्यांना सांगायचे, असे मी ठरवले आहे. फराळ त्यानंतर.