हिरव्या रेघेमागची आमेली

काही चित्रं पहिल्या भेटीत आवडत नाहीत, पण डोक्यातून जातही नाहीत. आंरी मातीसचं ‘हिरवी रेघ’ हे माझ्यासाठी तसं चित्र. १९०५ सालचं, जेमतेम ४० सेंटिमीटर उंचीचं. एका बाईचा चेहरा, निळेकाळे केस वर घट्ट बांधलेले, आणि कपाळापासून नाकावरून खाली उतरलेला चक्क हिरवा पट्टा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बऱ्यापैकी चित्रावर कुणी ब्रश पुसला की काय.

मग केव्हातरी डोळे बारीक करून पाहिलं आणि गंमत कळली. जुन्या पद्धतीच्या व्यक्तिचित्रात चेहऱ्याची एक बाजू उजेडात असते, दुसरी सावलीत, आणि सावलीसाठी तपकिरी-काळपट छटा वापरतात. मातीसने ते काम शुद्ध रंगांवर सोपवलं. एक गाल पिवळसर, दुसरा गुलाबी, आणि दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे ही रेघ. मागची भिंतसुद्धा तशीच वाटून दिलेली. गुलाबी गालामागे हिरवा, पिवळ्या गालामागे जांभळट आणि तांबडा. विरुद्ध रंग शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. त्यामुळे छायाप्रकाशाच्या नेहमीच्या छटा नसतानाही नाक वर येतं, आणि ती बाई आपल्याकडे रोखून बघायला लागते.

ही बाई म्हणजे चित्रकाराची बायको. चित्राचं दुसरं नाव ‘मादाम मातीस’. आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांतल्या ‘सौ.’सारखंच, तिचं स्वतःचं नाव त्यात नाही. ते होतं आमेली पारेर.

आमेली १८७२ची, दक्षिण फ्रान्समधली. १८९८ मध्ये तिने मातीसशी लग्न केलं तेव्हा त्याच्याकडे ना पैसा होता ना नाव. आधीच्या संबंधातून झालेली एक मुलगी मात्र होती, मार्गरीत. आमेलीने तिला आपली म्हणून वाढवलं. पॅरिसमध्ये टोप्यांचं दुकान काढून संसाराला हातभार लावला. १८९९ मध्ये नवऱ्याला सेझानचं एक छोटं चित्र हवंच होतं, तेव्हा तिने आपली अंगठी गहाण टाकली असं सांगतात.

पुढे १९०२ मध्ये तेरेझ अंबेर नावाच्या बाईचा प्रचंड घोटाळा उघडकीला आला. खोट्या वारशाच्या नावावर तिने वर्षानुवर्षं कर्जं उचलली होती. आमेलीचे आईवडील याच अंबेर कुटुंबाच्या नोकरीत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी वडिलांना अटक झाली. नंतर ते निर्दोष सुटले, पण घराण्याच्या नावाचा व्हायचा तो बोभाटा झालाच. हिलरी स्परलिंग यांनी १९९८ आणि २००५ मध्ये दोन खंडांत मातीसचं चरित्र लिहिलं, त्यात हे सगळं सविस्तर आलं आहे. ते कळल्यापासून मला त्या चेहऱ्यातला ताठपणा वेगळाच दिसतो.

१९०५च्या शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात मातीसने आमेलीचंच ‘टोपीवाली स्त्री’ हे चित्र लावलं. लोक हसले. एका समीक्षकाच्या शेऱ्यावरून या चित्रकारांना ‘फॉव्ह’, म्हणजे रानटी श्वापदं, हे नाव चिकटलं. तरीही स्टाइन भावंडांनी ते चित्र ५०० फ्रँकला घेतलं. ‘हिरवी रेघ’ त्यानंतर लगेचची. आज ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. म्हणजे बघा, चेष्टा झाल्यावरही तीच बाई पुन्हा त्याच माणसासमोर बसली, आणि या वेळी डोक्यावर टोपीचा आडोसाही नव्हता.

आता दुसरं चित्र, १९१३चं. हेही मादाम मातीसच. यासाठी ती शंभराहून जास्त वेळा बसली म्हणतात. पण चेहरा? करडा, मुखवट्यासारखा, डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग. मातीस एकेक ओळखीची खूण पुसत गेला. पूर्ण झालेलं चित्र पाहून आमेली रडली, असं सांगतात. रशियन संग्राहक श्चुकिनने ते लगेच विकत घेतलं, आता ते हर्मिटाजमध्ये असतं. त्यानंतर मातीसने तिचं असं मोठं व्यक्तिचित्र केलं नाही.

ही दोन चित्रं शेजारी ठेवली की मला कोडं पडतं. एकात तर सगळे रंग ‘खोटे’, आणि बाई पुरती हजर. दुसऱ्यात रंग शांत, सभ्य, आणि बाई नाहीशी. म्हणजे माणसाची ओळख नाकडोळ्यांत किंवा कातडीच्या खऱ्या रंगात नसावीच. ती बघणाऱ्याच्या नजरेत किती जागा मिळते त्यावर ठरत असावी. १९०५ मध्ये त्याला तिचा आधार हवा होता, आणि ती त्याच्या तोडीस तोड समोर बसलेली दिसते.

१९३९ मध्ये चाळीस वर्षांहून जास्त चाललेला संसार मोडला. गोष्ट इथे संपली असती तर आमेली एक बिचारी बायको म्हणूनच उरली असती. पण १९४४ मध्ये गेस्टापोने तिला पकडलं. सत्तरी ओलांडलेली ही बाई नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीसाठी टाइपिंग करत होती! तिने कित्येक महिने तुरुंगात काढले. मार्गरीतलाही पकडून तिचा छळ केला गेला. सुदैवाने दोघीही वाचल्या. आमेली १९५८ मध्ये गेली, मातीसनंतर चार वर्षांनी.

तुरुंगातल्या आमेलीचं चित्र कुणी काढलं नाही. तिचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र तोच चेहरा येतो, अर्धा पिवळा, अर्धा गुलाबी, ओठ मिटलेले. आणि मधली ती रेघ आता मला तिच्या पाठीच्या कण्यासारखी दिसते.