गडबवरून न गेलेली मोटार

२४ डिसेंबर १९२७. तुम्ही गडबच्या रस्त्याकडेला उभे आहात. खारपाटातली भातं कापून झालीत, खळ्यांवर झोडणी चाललीय, खाडीवरचा वारा अंगाला चिकटतोय. बोटीने धरमतरला उतरायचं आणि मोटारीने वडखळ, गडब, नागोठणं करत महाड गाठायचं, ही मुंबईकरांची जवळची वाट. डॉ. आंबेडकर आज महाडच्या सत्याग्रहाला निघालेत. म्हणून तुम्ही थांबलात.

त्यांची मोटार येत नाही. धरमतरचे मोटारवाले ऐनवेळी अस्पृश्यांना नाकारतील, ही धास्ती होती. म्हणून ‘पद्मावती’ बोटीने लांबच्या वळशाने दासगाव, आणि तिथून पाच मैल पायी. गडबच्या रस्त्यावर ना पाटी आहे ना पहारा, तरी तो त्यांच्यासाठी बंद आहे. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला, तो हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार या अफवेवरून. देवाच्या नावाने माणसं किती लवकर जमतात!

दुसऱ्या रात्री महाडात या. मांडव फत्तेखान नावाच्या गृहस्थांच्या जागेत आहे, कारण इतर कुणी जागा दिली नाही. खड्ड्यात चंदनाचे तुकडे रचलेत. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडलेल्या आणि राजभोजांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृती पेटते. तुमच्या तोंडावर उजेड पडतो.

तिथून, देवाच्या नावाचाच धागा धरून, १९३८च्या अमेरिकेत. रिचर्ड राइटच्या ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ या संग्रहातल्या एका कथेत गोरे लोक टेलर नावाच्या काळ्या पाद्र्याला रानात नेऊन चाबकाने फोडतात आणि मार खाताखाताच त्याला प्रार्थना म्हणायला लावतात. देव दोघांचाही एकच. तुम्ही झाडाआड उभे राहून ते शब्द ऐकता. इतका क्रूर प्रसंग मी कथेत क्वचितच वाचलाय. पण टेलरला ती प्रार्थना उरते, आणि तो भुकेल्यांचा मोर्चा घेऊन शहरात शिरतो.

आता १९६३. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातल्या शीर्षककथेत शिरा. नोकरी रेल्वेत, सुरतेकडे. तुम्हाला खोली हवीय. समोरचा विचारतो, कोण आपण? जीभ कोरडी पडते. तुम्ही खरं उत्तर गिळता आणि त्या क्षणापासून प्रत्येक आपुलकी, प्रत्येक जेवणाचं आमंत्रण तुम्हाला भीती घालतं. तुमच्याच समाजातला काशिनाथ सकपाळ मात्र काही लपवत नाही. अपमान सोसतो, भांडतो, चाकू जवळ बाळगतो. त्याच्या शेजारी तुम्ही गप्प बसता. बागुलांची खरी ताकद मला मारहाणीपेक्षा या गप्प बसण्यात दिसते.

मग जात उघडी पडते. कालपर्यंत मान देणारी माणसं तुटून पडतात. काशिनाथच मध्ये उडी घेऊन तुम्हाला वाचवतो.

हे पुस्तक निघालं तेव्हा आंबेडकरांच्या नागपूरच्या बौद्ध दीक्षेला सात वर्षं झाली होती. धर्म सोडता आला, पण विचारणारे तेच राहिले. टेलरजवळ होती तशी प्रार्थना बागुलांच्या नायकाजवळ नाही. त्याच्या लेखी त्याला मारलं ते या माणसांनी नव्हे, मनूने. हे तो रागाने ओरडत नाही, म्हणून मला राइटपेक्षा बागुल कठोर वाटतात.