हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताय? त्यांच्या प्रश्नांमागचा इतिहास

"डॉक्टर, दात तर दुखत नाहीत, मग हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे कशाला?" चिठ्ठी हातात पडली की बरेच रुग्ण हे विचारतात. आणि लगेच हळूच दुसरा प्रश्न येतो, "सगळे दात काढतील का हो?"

ही भीती उगाच नाही, तिला इतिहास आहे. पहिल्या भेटीत तज्ज्ञ जे विचारतात आणि तपासतात, तेही त्याच इतिहासातून आले आहे. तो समजला की भेटीची निम्मी तयारी झाली म्हणून समजा.

आजार जुना, उपायही जुना

सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांतले १५ दंतमूलाचे, म्हणजे दातांच्या मुळाशी असलेल्या हिरड्यांचे आहेत. दातांवर साचणाऱ्या कडक थराला तिथे 'दंतशर्करा' म्हटले आहे. आपण त्याला कीटण म्हणतो. ते खरवडण्यासाठी 'दंतशंकू' नावाचे शस्त्र होते. इ.स. १००० च्या सुमारास स्पेनमधील अल्-झहरावी यांनीही कीटण काढण्याच्या हत्यारांचा संच वर्णन करून ठेवला.

अमेरिकेतील डॉ. जॉन रिग्ज यांनी १८७६ मध्ये ठामपणे मांडले की, हिरड्यांतून पू येतो आणि दात हलतात, त्याचे कारण दातांवरच्या साठलेल्या थरात आहे. तो थर हिरडीखालूनही काढला तर दात वाचू शकतो. पुढे या आजाराला 'रिग्जचा आजार' असेच नाव पडले. आपण त्याला पायरिया म्हणतो.

दात उपटण्याचा काळ

१९१० मध्ये इंग्लंडचे डॉ. विल्यम हंटर यांनी तोंडातल्या जंतुसंसर्गामुळे शरीरात इतरत्र आजार होतात, असे भाषण केले. त्यानंतर संधिवातापासून अनेक दुखण्यांवर उपाय म्हणून सरसकट दात काढले जाऊ लागले. याच काळात, १९१४ मध्ये, ग्रेस रॉजर्स स्पॉल्डिंग आणि गिलेट हेडन या दोन महिला दंतवैद्यांनी अमेरिकेत हिरड्यांच्या आजारांसाठी स्वतंत्र संस्था उभी केली. आज 'पेरिओडॉन्टिस्ट' म्हणून आपण ज्यांच्याकडे जातो, त्यांचे मुख्य काम दात टिकवणे हे आहे.

दोन अभ्यास, दोन धडे

१९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून लक्षात ठेवा, रक्त येते म्हणून ब्रश बंद करू नका.

पुढे १९७० पासून श्रीलंकेतील ४८० चहामळा कामगारांचा १५ वर्षे अभ्यास झाला. ते ब्रश वापरत नव्हते, दंतोपचारही घेत नव्हते. तरी सुमारे ८ टक्के लोकांत आजार वेगाने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांत तो जवळजवळ वाढलाच नाही. कीटण सगळ्यांच्या दातांवर होते, पण प्रत्येकाच्या शरीराने त्याला वेगळे उत्तर दिले. म्हणून तर तज्ज्ञ विचारतात, "आई-वडिलांचे दात लवकर पडले होते का? शुगर आहे का? तंबाखू घेता का?" २०१७ मध्ये ठरलेल्या नव्या वर्गीकरणात आजाराचा वेग ठरवताना मधुमेह आणि धूम्रपान दोन्ही विचारात घेतले जातात.

मग जाताना काय कराल?

• मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट न्या.
• दातांचे जुने एक्स-रे जपून ठेवले असतील तर न्या. हाड किती झिजले आणि किती काळात, हे त्यावरून कळते.
• चालू असलेल्या सर्व गोळ्या लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाची झडप बदलली असेल तर तपासणीआधीच सांगा.
• सिगारेट, तंबाखू, मिश्री लपवू नका. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो.
• नेहमीसारखाच ब्रश करा. डॉक्टरांना दाखवायचे म्हणून जोरजोरात घासू नका.

तपासणीत बारीक खुणांच्या पट्टीसारख्या उपकरणाने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत खोली सहसा ठीक मानतात. डॉक्टर आकडे मोठ्याने सांगत असतील तर घाबरू नका, लक्ष देऊन ऐका. शेवटी एवढे जरूर विचारा, "यातले कोणते दात वाचतील, आणि त्यासाठी मी घरी काय करायचे?"

दुखत नाही म्हणून ही चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हा आजार बहुधा न दुखताच हाड खातो, आणि गेलेले हाड सहजासहजी परत येत नाही.